पिवळ्या पट्ट्यातलं बाळ: नुसतं टिपायचं की सांगायचं?

स्कूटीवाली_खानापूर

नमस्कार. प्रश्न लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

मी खानापूर तालुक्यातली. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलं, बेळगावात वर्षभर लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवली आणि आता चौदा महिने एका संशोधन प्रकल्पात फील्डवर आहे. प्रकल्प कुणाचा ते विचारू नका. काम असं की ठरलेल्या घरी दर महिन्याला जायचं, बाळाचं वजन घ्यायचं, काय पाजलं, काय भरवलं, हगवण किती वेळा लागली ते टॅबवर भरायचं. बाळ वर्षाचं होईपर्यंत. औषध नाही, गोळी नाही. घरात जे चालतं ते जसंच्या तसं टिपायचं. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशीच बजावलं होतं, सल्ला द्यायचा नाही. सल्ला दिलात की आपण त्या घराचा अभ्यास करत नाही, तुमच्या सल्ल्याचा करतो. मला ते इतकं पटलं की वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

अपवाद एकच. वजन तक्त्यातल्या लाल पट्ट्यात गेलं किंवा बाळ आजारी दिसलं, तर लगेच सरकारी दवाखान्याची चिठ्ठी द्यायची. पिवळ्या पट्ट्याला, म्हणजे वजन कमी खरं लालइतकं नाही, चिठ्ठी नाही. पिवळं नुसतं टिपायचं.

जांबोटी रस्त्याला आत वळून एक गाव आहे. तिथल्या घरात आई, आजी, थोरली नात आणि आमच्या यादीतली तान्ही पोर. तिसऱ्या महिन्यात वजन ४.६ किलो, म्हणजे हिरव्या पट्ट्याच्या अगदी काठावर. चौथ्या महिन्यात ४.७, म्हणजे पिवळ्यात. अख्ख्या महिन्यात शंभर ग्रॅम. त्यात वाळ्यांची भानगड. नियमाप्रमाणे बाळ उघडं करून काट्यावर ठेवायचं, खरं आजी वाळे काढू देईना. "मामानं बारशाला घातलेत, काढायचे न्हाईत." मग थोरल्या नातीचे तसलेच वाळे पेटीतून मागवले, काट्यावर ठेवले, ४० ग्रॅम भरले, ते वजा केले. इतकी काटेकोर मी.

हे चाललेलं असताना आजी चुलीपाशी बाटली भरत होती. अर्धा पेला म्हशीचं दूध, अर्धा पेला पाणी, वर साखर. टॅबवर प्रश्न आला, वरचं दूध देता का? होय. पाणी घालता का? होय. किती? निम्मं. मी टिचक्या मारत गेले. आजी आपणहूनच म्हणाली, "म्हशीचं जड पडतंय गो पोरीला. हिच्या अंगावर दूध न्हाई. मी तरी काय करू?" बाटली संपली होती तरी पोर निपल सोडत नव्हती. नुसती हवा ओढल्याचा चुक चुक आवाज. मी 'सेव्ह' दाबलं.

बाहेर येऊन स्कूटी चालू केली. बंद केली. परत आत गेले.

अर्धा तास बसले. पाणी घालू नका म्हणाले. बाटलीच नको, जितक्या वेळा अंगावर घ्याल तितकं दूध उतरेल, रात्रीचं तर अजिबात चुकवू नका. आशाताईंना फोन लावून दिला. त्या महिन्यात आणखी तीनदा गेले, टॅब न घेता. पाचव्या महिन्यात वजन ५.३. अजून पिवळंच, खरं सहाशे ग्रॅम चढलं होतं.

हे मी कुठेही लिहिलेलं नाही. फॉर्मवर 'आहारात बदल' पुढे होय केलं आणि 'कारण' या चौकोनात 'आईची इच्छा' असं भरलं.

सुपरवायझरना आडून विचारलं, असं कुणी केलं तर? ते म्हणाले, "आपण संशोधक आहोत, आशाताई नव्हे." रागावले नव्हते, दमलेले होते. आई म्हणते, विचारतेस काय, पोरगी सुधारली की. त्या रात्रीपासून मला मात्र धड झोप नाही. मी चुकले का, आणि चुकले असेन तर नक्की कुठे?

सदू_अनगोळ

काय चुकलीस? उपाशी पोर समोर दिसतंय आणि टिचक्या मारत बसायचं, ह्याला विज्ञान म्हणतात होय? असला रिसर्च गेला खड्ड्यात. आजीच्या हातचा चहा पी आणि झोप निवांत.

आकडेमोड_टिळकवाडी

सदूभाऊ, राग समजला. खरं सगळंच दूध-पाण्याइतकं सरळ नसतं. मी चौतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, तेव्हा जरा मास्तरकी सहन करा.

'चांगलंच आहे ना, मग देऊन टाका सगळ्यांना' याचं काय होतं ते आपल्याच जिल्ह्यात दिसलेलं आहे. बाई दिवस भरायच्या आधी बाळंत होणार असेल तर तिला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं की पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्येच हे दाखवलं. मोठ्या हॉस्पिटलांत त्यानं बाळं वाचत होती. मग कुणाच्याही मनात येईल की खेड्यातल्या बाईनं काय घोडं मारलंय? म्हणून सहा देशांत चाचणी झाली, भारतात बेळगाव आणि नागपूर. काही भागांत गावपातळीपर्यंत इंजेक्शन पोचवलं, काही भागांत नेहमीचं चालू ठेवलं. एकूण जन्म लाखाच्या आसपास. निकाल २०१५ मध्ये छापून आला. जिथे इंजेक्शन पोचवलं तिथे पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू हजारी २७.४, जिथे नाही तिथे २३.९. उलटं झालं. हजारामागे साडेतीन बाळं जास्त गेली.

कुणाचाच हेतू वाईट नव्हता. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक बायकांची बाळं कमी वजनाची नव्हतीच, म्हणजे ज्यांना गरज नव्हती त्यांनाही ते गेलं. पुढे २०२० मध्ये पाच देशांतल्या २९ हॉस्पिटलांतल्या चाचणीचा निकाल आला, त्यात भारतही होता. तिथे सोनोग्राफीनं दिवस नीट मोजलेले, बाळाला सांभाळायची सोय जवळ. तिथे त्याच औषधानं दिवस भरायच्या आधी जन्मणाऱ्या बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले नसते, कोरडेपणानं मोजलं नसतं, तर आपण अजूनही गावोगाव इंजेक्शनं देत फिरलो असतो आणि पुण्य केल्यासारखं झोपलो असतो.

आता ताई, तुमचं. सहा महिन्यांच्या आत नुसतं अंगावरचं दूध, यात शंका घ्यायला जागा नाही. त्यामुळे तुम्ही सांगितलंत याचं मला काही वाटत नाही. मला टोचलं ते 'आईची इच्छा'. दोन वर्षांनी कुणीतरी बेंगळुरात किंवा दिल्लीत बसून तुमचे फॉर्म उघडेल. त्याला दिसेल की काही आया पाणी घालणं आपणहूनच बंद करतात आणि बाळ महिन्यात सहाशे ग्रॅम वाढतं. तो लिहील की घरोघर जाऊन सांगायची गरज नाही, त्यावरचा खर्च वाचवा. तुमच्या मायेनं वाढलेलं वजन पुढच्या बाळांविरुद्ध साक्ष देईल.

आणखी एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या यादीत पिवळी बाळं एकूण किती? बाकीच्या घरांतही स्कूटी बंद करून परत गेलात का?

उपकेंद्रातली_सिस्टर_चिकोडी

पोरी, आधी जेव. मग वाच.

मी २९ वर्षं नर्स होते, त्यातली निम्मी वर्षं घरची बाळंतपणं. दिवे गेलेले, कंदील, चिखल. रक्त किती गेलं हे लुगड्याकडे बघून सांगायचं. मी हमखास कमीच सांगायची. मुद्दाम खोटं नाही गं. सासू समोर उभी, नवरा दारात, बाईच्या डोळ्यांत भीती. तिला धीर द्यायचा म्हणून तोंडातून 'जास्त न्हाई' जायचं, आणि हळूहळू माझ्या डोळ्यांनाही जास्त दिसायचं नाही.

नंतर मापाची पिशवी बघितली. बाईच्या खाली अंथरायचं प्लॅस्टिक, खाली नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेलेलं, त्यावर रेघा. आपल्या बेळगाव जिल्ह्यात २००२ ते २००५ मध्ये, बाळंतपणानंतर जास्त रक्त जाऊ नये म्हणून द्यायच्या मिसोप्रोस्टॉल गोळीची चाचणी झाली, त्यातली ती पिशवी. डोळ्यांचा अंदाज आणि पिशवी असं ताडून बघितलं तर डोळे एक-तृतीयांश कमी सांगत होते. हे ऐकलं तेव्हा मी गप्प झाले. किती जणींना मी उशिरा हलवलं असेल, तो हिशेब आता कोण करणार.

त्या चाचणीत १६२० बायका होत्या. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जायचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ती गोळी याच कामासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. वीज नाही, फ्रिज नाही, इंजेक्शन द्यायला कुणी नाही, अशा घरात चालणारी गोळी. मी त्या चाचणीत नव्हते. खरं त्या ८०८ बायकांना रिकामी गोळी गेली, त्यांचं मला अजून वाईट वाटतं. तिथे असते तर आवडत्या बाईला खरी गोळी दिली असती का? दिली असती, शंभर टक्के. म्हणूनच कुठली खरी ते नर्सला कळू द्यायचं नसतं. माझ्यासारख्या बायका ओळखूनच केलेला नियम असणार तो.

आता सदू, तुझ्यासाठी. दया असली की सगळं धुतलं जातं असं समजू नको. माझी लेक नर्सिंगला शिकवते, तिनं मला अमेरिकेतलं टस्कीगीचं सांगितलं. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, अलाबामात काळ्या माणसांचा उपदंश नुसता बघत बसले. ३९९ माणसं. पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. 'नुसतं टिपायचं' याचं टोक ते. खरं ती माणसं चाळीस वर्षं येत कशी राहिली? तर युनिस रिव्हर्स नावाची नर्स होती, त्यांच्यातलीच. गाडीतून न्यायची, घरचं विचारायची, मयताच्या खर्चाचं बघायची. तिच्यावर भरवसा म्हणून ती सगळी येत राहिली. तिची माया खोटी होती असं मला वाटत नाही. खरी होती, म्हणूनच उपयोगी पडली, त्या डॉक्टरांच्या.

तुझ्याबद्दल माझं एवढंच. सांगितलंस ते बरोबर. चोरून जाऊन सांगितलंस ते चूक. आशाताईला फोन लावलास ना, मग तुझ्या तीन फेऱ्या कशाला? तिचं काम आहे ते, तिला करू दे. तिला त्या घरात तुझ्यानंतरही जायचंय.

वटवाघूळ_कणकुंबी

विषय माणसांचा चाललाय, तरी मध्येच घुसतो. भीमगड अभयारण्यात बारापेडेच्या गुहा आहेत. राटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ १९१३ मध्ये तिथलंच म्हणून नोंदलं गेलं आणि कितीतरी वर्षं जगात दुसरीकडे कुठे माहीतच नव्हतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. मी वटवाघळांच्या मागे असतो म्हणून लोक विचारतात, एवढा जीव आहे तर आत जाऊन जवळून बघत का नाहीस? जीव आहे म्हणूनच नाही जात. आत माणूस गेला, बॅटरी लावली की सगळी उठतात. परवानगी असली तरी तोंडाशी थांबून संध्याकाळी बाहेर पडणारी मोजायची. लांब राहणं म्हणजे पाषाणहृदयी असं काही नाही.

दुसरी बाजूही आहे. टांझानियातल्या गोंबेत १९६६ मध्ये चिंपांझींत पोलिओ पसरला तेव्हा त्यांचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडॉलनी केळ्यात घालून लस दिली. ढवळाढवळ झाली हे त्यांनी लपवलं मात्र नाही.

सदू_अनगोळ

वटवाघळाला निम्मं पाणी घालू नको म्हणून सांगावं लागत नाही, बरं आहे तुमचं.

सिस्टर, टस्कीगीचं वाचून आलो. दुपारभर तेच डोक्यात आहे. 'रिसर्च गेला खड्ड्यात' मागे घेतो, निम्मं.

स्कूटीवाली_खानापूर

अकरा दिवसांनी येते आहे. सगळ्यांचं दोनदा वाचलं.

आकडेमोड सर, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर आधी राग आला. मग टॅब उघडला. माझ्या यादीत ६३ घरं. पिवळ्यात सात बाळं. परत गेले ते फक्त त्या एका घरी.

का, ते शोधत बसले. त्या घरची आजी बोलते तशी माझी आजी बोलायची. (आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. लिहिताना तेवढं शाळेतलं लिहिते.) जाताना त्या घरची आजी मला ओंजळभर काजू द्यायची. इतर पाच घरांत तसं काही नव्हतं, नुसतं गडबडीत काम उरकलं होतं. आणि सातवं घर बिडी गावाच्या बाजूचं, कन्नड. माझं कन्नड बसच्या तिकिटापुरतं, आणि शक्ती योजनेनंतर बायकांना तिकीटही फुकट, त्यामुळे तेवढंही गंजलंय. त्या घरी मी फॉर्मवरचे कन्नड प्रश्न शाळेतल्या धड्यासारखे वाचते, ती बाई हौदु (होय) नाहीतर इल्ला (नाही) म्हणते, मी टिचकी मारते. तिथे मी पक्की तटस्थ संशोधक असते. बाळ पाच महिन्यांचं, मुलगा, ५.७ किलो. दोन महिने पिवळ्यात आहे. त्याच्यासाठी माझी एका रात्रीची झोप गेली नव्हती.

तर सुपरवायझरना सगळं सांगितलं. आडून नाही, समोर बसून. ते बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. मग एक फॉर्म काढला. प्रोटोकॉल डेव्हिएशन, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं काय केलं त्याची कबुली. कुठल्या तारखेला, काय सांगितलं, किती वेळा गेले, सगळं. 'आईची इच्छा' पुसता येत नाही, पुसायचंही नसतं. ते तसंच राहतं, त्याखाली नवीन नोंद, नाव आणि वेळेसकट. माझं खोटं आणि माझी दुरुस्ती, दोन्ही आता त्या बाळाच्या फाइलमध्ये आहेत. चौथ्या महिन्यापर्यंतचा डेटा धरतील, पुढचा वेगळा काढतील. मला वाटलं होतं नोकरी जाईल. ताकीद मिळाली, लेखी.

जाता जाता ते म्हणाले, पिवळ्याला चिठ्ठी का नाही हा प्रश्न त्यांनीही सुरुवातीला विचारला होता, मग राहूनच गेला. आता एथिक्स कमिटीला पत्र गेलंय, दोन महिने सलग पिवळ्यात असलेल्या बाळाचं नाव आशाताईंना कळवावं म्हणून. सातही घरांना सारखंच. उत्तर आलेलं नाही. तोवर सातही नावं डॉक्टरांच्या सहीनं उपकेंद्राला कळवायला परवानगी मिळाली.

परवा बिडीच्या बाजूच्या घरी आशाताईंसोबत गेले. त्याच बोलणार होत्या, मी नुसती जाणार होते. तरी आदल्या रात्री एक वाक्य घोकलं होतं, हालिगे नीर हाकब्याड्री, दुधात पाणी घालू नका. दारातच म्हणून टाकलं. ती बाई आधी माझ्याकडे बघत राहिली, मग खदखदून हसली, सासूलाही बोलावून ऐकवलं. त्यांच्या घरात वरचं दूध आणतच नाहीत. पाणी कशात घालणार?

आशाताईंनी विचारलं तेव्हा कळलं. ती सकाळी सातला काजूच्या कारखान्यात जाते, पाचला येते. मधले दहा तास बाळाला सासू नाचणीची पेज भरवते, पातळ, कारण घट्ट गिळत नाही. माझ्या फॉर्मवर 'पूरक आहार: होय' एवढंच होतं. दोन महिने मी ते 'होय' भरत आले होते आणि आई घरी असते की नाही हा प्रश्न माझ्या टॅबवर नाहीच. एरवी माझी भेट रविवारची, तेव्हा ती घरी असायची.

आशाताई तिला दूध काढून झाकून कसं ठेवायचं, सासूनं ते वाटी-चमच्यानं कसं पाजायचं ते दाखवत होत्या. स्टीलची वाटी उकळत्या पाण्यातून काढली, पदरानं पुसायला गेली तर आशाताईंनी हात धरला, पुसू नको, तशीच वाळू दे. मी कोपऱ्यात बसून होते. निघताना ती मला म्हणाली, इन्न यावाग बर्तीरी? परत कधी येणार? माझी पुढची भेट महिन्याच्या शेवटी आहे. ती कारखान्यात असताना घरात काय चालतं ते मला एकदा बघायचं होतं, म्हणून शुक्रवारी येते म्हणाले, दुपारी, सासूबाईंना भेटायला.

सिस्टर, चोरून नाही. त्याचा फॉर्म आधीच भरून दिलाय.